मासे सामाईक, हिशेब मात्र ज्याचा त्याचा

संपादक महोदय,

ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातील मासेमारीच्या वादाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात आणि त्यांचा सूर बहुधा एकच असतो: ब्रसेल्सने लादलेले सामाईक मत्स्यधोरण (सदस्य देशांच्या पाण्यातील मासेमारीचे संघाने ठरवलेले समान नियम), त्याला विटलेले ब्रिटिश मच्छीमार आणि ब्रेक्झिटनंतरही न मिटलेले भांडण. या मांडणीत तथ्य आहे, पण तिच्यामुळे खरा पेच झाकला जातो. संघाच्या आतली वाटपाची पद्धत कितीही सदोष असली, तरी तिथे वाद निकाली काढणारे न्यायालय आहे. तोच मासा संघाची हद्द ओलांडून नॉर्वे, आइसलँड, फॅरो बेटे आणि आता ब्रिटन यांच्या पाण्यात गेला, की निकाल देणारे बहुतेक वेळा कोणीच उरत नाही. या धोरणाची कसोटी तिथे लागते, असे माझे मत आहे.

धोरणाचा जन्म राजकीय सोयीतून झाला, हे मान्य करायला हवे. १९७० साली संघाच्या तेव्हाच्या सहा सदस्य देशांनी एकमेकांच्या पाण्यात समान प्रवेशाचे तत्त्व घाईने संमत केले, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे हे मासळीने समृद्ध देश सदस्यत्वाच्या वाटाघाटींसाठी दारात उभे होते. नियम आधी करून ठेवायचे आणि पाहुण्यांनी ते जसेच्या तसे स्वीकारायचे, असा तो डाव होता. नॉर्वेच्या मतदारांनी १९७२ मध्ये सदस्यत्व नाकारले, त्यामागे मासेमारी हे एक मोठे कारण होते. पुढे १९८३ मध्ये प्रत्येक साठ्याची, म्हणजे एका भागात वावरणाऱ्या एका जातीच्या माशांची, एकूण पकड मर्यादा ठरवून तिचे ठराविक प्रमाणात वाटप करण्याची पद्धत आली. तेव्हापासून दर डिसेंबरात मंत्री रात्र रात्र जागून कोट्याची घासाघीस करतात आणि शास्त्रज्ञांनी सुचवलेला आकडा पहाटेपर्यंत थोडाथोडा वर सरकतो. अतिमासेमारी २०२० पर्यंत थांबवण्याचे जे बंधन २०१३ च्या सुधारणेने घातले, तेही सर्व साठ्यांबाबत पाळले गेले नाही.

इतके असूनही संघाच्या आत शेवटचा शब्द कोणाचा, याबद्दल संदिग्धता नाही. स्पॅनिश मालकीच्या बोटींनी ब्रिटिश नोंदणी करून ब्रिटिश कोटा वापरू नये, म्हणून ब्रिटनने १९८८ मध्ये कायदा केला. लक्झेंबर्ग येथील संघाच्या न्यायालयाने तो संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवला आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाला आपल्याच संसदेचा कायदा बाजूला ठेवावा लागला. ब्रिटिशांच्या मनात त्याची सल राहिली, पण निकाल लागला आणि तो पाळला गेला.

संघाबाहेरचे चित्र वेगळे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराने किनारी देशांना २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र दिले. दोन किंवा अधिक देशांच्या क्षेत्रांत वावरणाऱ्या साठ्यांबाबत मात्र कलम ६३ एवढेच सांगते, की संबंधित देशांनी उपाययोजनांवर सहमती साधण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न बंधनकारक, सहमती नाही. त्यातच कलम २९७ नुसार, आपल्या आर्थिक क्षेत्रातील जिवंत संपत्तीवरील सार्वभौम हक्कांविषयीचा वाद सक्तीच्या न्यायनिवाड्यापुढे नेऊ देण्यास किनारी देश बांधील नाही. म्हणजे जो वाद पेटण्याची शक्यता सर्वाधिक, नेमका तोच निवाड्याच्या कक्षेबाहेर राहिला. हा काही नजरचुकीचा प्रकार नव्हता. ही सूट राहावी, असा किनारी देशांचाच आग्रह होता.

न्यायालयापर्यंत गेलेल्या वादाचेही काय होते, हे कॉड या माशावरून झालेल्या भांडणात आधीच दिसले होते. आइसलँडने आपली हद्द १९७२ मध्ये ५० मैलांपर्यंत वाढवली, तेव्हा ब्रिटन हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. आइसलँड सुनावणीला हजरसुद्धा झाला नाही. न्यायालयाने १९७४ मध्ये, ही हद्दवाढ ब्रिटनवर बंधनकारक नाही, असे म्हणत दोघांनाही सद्भावनेने वाटाघाटी करण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी आइसलँडने २०० मैलांची घोषणा केली, गस्ती नौकांनी ब्रिटिश ट्रॉलरची जाळी कापली आणि १९७६ मध्ये ब्रिटनला माघार घ्यावी लागली. त्यामागे हेगचा निकाल नव्हता. नाटोला आइसलँडमधील तळाची असलेली गरज होती.

आजचा सर्वांत बोलका दाखला मॅकरेल या बांगड्याच्या कुळातील माशाचा आहे. २००७ च्या सुमारास ईशान्य अटलांटिकमधला हा मासा उन्हाळ्यात चरण्यासाठी वायव्येकडे, आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने जाऊ लागला. त्याआधी जवळजवळ मॅकरेल न पकडणारा आइसलँड काही वर्षांतच वर्षाला एक लाख टनांहून अधिक पकडू लागला. संघ आणि नॉर्वे यांचे म्हणणे असे, की आम्ही वर्षानुवर्षे या साठ्यावर मासेमारी करत आलो, तेव्हा वाटा आमच्या पूर्वापार पकडीनुसार ठरावा. आइसलँडचे उत्तर असे, की मासा आमच्या पाण्यात चरून पुष्ट होतो, तर आमचा हक्क का नाही? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि कायदा दोघांपैकी कोणता निकष श्रेष्ठ, हे सांगत नाही. २०१४ मध्ये संघ, नॉर्वे आणि फॅरो बेटे यांनी करार केला, त्यात आइसलँड नव्हता. त्याची मुदत २०२० अखेर संपली आणि ब्रिटन स्वतंत्र पक्ष झाल्याने टेबलावर आणखी एक खुर्ची वाढली. नंतर काही देशांनी आपापसात समझोते केले, पण सर्व किनारी पक्षांना बांधणारे वाटप झाले नाही. एकूण मर्यादेवर एकमत व्हायचे आणि मग प्रत्येकाने आपल्या वाट्याचा आकडा स्वतःच जाहीर करायचा, असे वर्षानुवर्षे चालले. त्या आकड्यांची बेरीज मर्यादेच्या बरीच वर जात राहिली. २०१९ मध्ये या मॅकरेलचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र स्थगित झाले आणि २०२६ साठीच्या वैज्ञानिक सल्ल्यात सुचवलेली पकड २०२५ च्या सल्ल्यापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती.

यात लबाडीपेक्षा हिशेब अधिक आहे, आणि म्हणून तो जास्त धोकादायक आहे. उद्याच्या वाटाघाटीत पूर्वीची पकड पुरावा म्हणून मांडली जाणार असेल, तर आज संयम दाखवणारा देश उद्याचा आपला वाटा कमी करून घेतो.

मग दंडाचा मार्ग घ्यावा का? संघाने २०१२ मध्ये, असहकार करणाऱ्या देशांच्या मासळीवर निर्बंध घालण्याचा नियम केला आणि २०१३ मध्ये हेरिंग या माशाच्या वादात फॅरो बेटांवर तो वापरला. फॅरो बेटे संघात नाहीत, पण डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहेत. त्यामुळे संघाचा सदस्य असलेल्या डेन्मार्कला त्यांच्या वतीने संघाविरुद्धच जागतिक व्यापार संघटनेत आणि सागरी कायद्याखालील लवादात जाण्याची पाळी आली. २०१४ मध्ये तडजोड झाली, निर्बंध उठले आणि असे निर्बंध कायदेशीर आहेत का, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पीठाने दिले नाही.

याउलट सँडईलचे प्रकरण पाहावे. वाळूत दडणारा हा सडपातळ मासा पफिन आणि किटीवेक या समुद्रपक्ष्यांचे अन्न आहे; डॅनिश बोटी तो मुख्यतः मासळीची भुकटी आणि तेल यांसाठी पकडतात. ब्रिटनने मार्च २०२४ पासून उत्तर समुद्रातील इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या सर्व पाण्यात त्याची मासेमारी बंद केली. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार करारात लवादाची तरतूद असल्यामुळे संघ तिकडे गेला. २०२५ च्या वसंतात आलेल्या निकालाने स्कॉटलंडची बंदी ग्राह्य धरली. इंग्लंडच्या बंदीमागचे विज्ञानही मान्य केले, पण ब्रेक्झिटनंतरच्या संक्रमणकाळात ब्रिटिश पाण्यात मासेमारी करण्याच्या संघाच्या हक्काचे मोल निर्णय घेताना नीट जोखले गेले नाही, असा ठपका ठेवला. दोघांनाही निकाल पूर्णपणे रुचला नाही, पण कॉडच्या भांडणातल्यासारख्या युद्धनौका कोणी बाहेर काढल्या नाहीत. २०२१ मध्ये मासेमारीच्या परवान्यांवरून, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या पण ब्रिटिश राजसत्तेखालील जर्सी बेटाच्या बंदरापुढे फ्रेंच बोटी जमल्या, तेव्हा मात्र दोन ब्रिटिश नौदल नौका तिथे पोहोचल्या होत्या, हेही नोंदवायला हवे.

संघानेही केवळ इतरांकडे बोट दाखवू नये. मोरोक्कोच्या ताब्यातील वादग्रस्त पश्चिम सहाराच्या लोकांची संमती न घेता मोरोक्कोशी केलेला मासेमारी करार त्याच्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अंतिमतः अवैध ठरवला.

म्हणून मॅकरेलसारख्या साठ्यांसाठी दरवर्षीच्या सौद्याऐवजी दीर्घ मुदतीचा करार हवा. त्यात पूर्वीची पकड आणि मासा प्रत्यक्ष कोणाच्या पाण्यात किती काळ असतो, हे दोन्ही निकष असावेत आणि साठा सरकला तर वाटे ठरलेल्या सूत्राने आपोआप बदलावेत. करार न झालेल्या वर्षांत एकतर्फी पकडलेली मासळी पुढे हक्काचा पुरावा मानली जाणार नाही, अशी अट असावी. आणि सूत्राच्या अर्थावरून वाद झाल्यास तो सँडईलप्रमाणे लवादाकडे जावा. कलम २९७ ने दिलेली सूट स्वखुशीने सोडण्यास कोणाचीही आडकाठी नाही. या सूत्रात संघाचा वाटा काहीसा घटण्याची शक्यता आहे आणि त्याचे मंत्री ते आपल्या बंदरांना सांगायला कचरतात. तरीही पहिला प्रस्ताव संघानेच ठेवावा, कारण वाटपाच्या नियमांखाली राहण्याचा चार दशकांहून अधिक अनुभव त्याच्या इतका कोणत्याही शेजाऱ्याकडे नाही.

आपला,
एक नियमित वाचक