खापराची गोष्ट

प्रिय आई-बाबा,

शनिवारी फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि आईला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. म्हणून लिहितेय. हो, अजून तीन वर्षं मी इथे जर्मनीत, कीललाच. सही करून झालीय. पगार बरा आहे, खोलीत ऊन येतं, तूरडाळ मिळते, थंडीचे बूट नवे घेतलेत. कळण्याचं पीठसुद्धा अजून पुरतंय. तिथे जळगावात माझ्या विषयाचं काम असतं तर आलेच असते ना? असो.

बाबा, काकांना "पोरगी तिकडे किडे मोजते" असं सांगणं आता बंद करा. ऑस्ट्राकॉड म्हणायचं. कोळंबी-खेकड्यांचे नातलग ते, बहुतेक मोहरीएवढे नाहीतर त्याहून बारीक, दोन शिंपांत मिटून बसलेले. वाढताना यातल्या कितीतरी जाती आठ वेळा कवच टाकतात. ती चुन्याची कवचं तळच्या गाळात साठत जातात. कुठल्या थरात कुठली जात सापडते त्यावरून त्या काळी पाणी खारं होतं की गोडं, ते कळतं. आईने माझी झबली ट्रंकेत जपलीत ना, गाळानेही तसंच केलंय.

नावाची गंमत ऐका. ते १८०२ साली लात्रेय नावाच्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने दिलं. ग्रीक 'ऑस्ट्राकॉन' म्हणजे कवच, आणि मडक्याचं खापरही! जुन्या अथेन्समध्ये लोक खापरावर नको असलेल्या माणसाचं नाव कोरायचे. सहा हजार खापरं पडली की ज्याचं नाव जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. घरदार मात्र त्याचंच राही. म्हणजे खापर फोडायची हौस आपल्याच घरात आहे असं नाही!

माझं नाव कोरू नका हं. दहा नाहीत, तीनच वर्षं. माझ्या खोलीत गव्हाच्या कोठ्या ठेवा हवं तर, पण खिडकीतला पलंग हलवू नका.

बाबा, टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही. साखर तपासून आकडा मला पाठवायचा, "ठीक आहे" हा आकडा नव्हे. आई, बीपीची गोळी जेवणानंतर आठवेल तेव्हा नाही, सकाळीच. आणि मांड्यांचं खापर एकटीने उचलू नकोस. त्या अक्षय्यतृतीयेला काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण सांगेन.

दिवाळीला जमत नाहीये. फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. खापर मी चढवीन, पुरण तू वाट.

तुमची,
छकुली