पशुदवाखान्यातल्या मदतनिसांना रीतसर शिक्षण द्या

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय/महोदया, स.न.वि.वि.

मी नागपुरात कुत्र्या-मांजरांचा खासगी दवाखाना चालवते. हे पत्र आम्हा डॉक्टरांसाठी नाही, आमच्या मदतनिसांसाठी आहे.

पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जुलाबाचा संसर्गजन्य आजार, झालेलं पिल्लू येतं. मी तपासते, औषधं लिहिते आणि पुढच्या पेशंटकडे वळते. त्यानंतरचे तास मदतनीस काढते. काडीएवढ्या पायातली सुई हलू द्यायची नाही, सलाईनचा वेग सांभाळायचा, जुलाबाने भिजलेलं अंग पुसून ऊब द्यायची आणि त्याच हातांनी दुसऱ्या पिल्लाला शिवायचं नाही. पार्व्होचा विषाणू फिनाईलने मरत नाही, ब्लीच लागतं, हेही तिला जुन्या मदतनिसाकडून कळलेलं. नसबंदीनंतर गुंगीतल्या कुत्रीची हिरडी दाबून रंग किती लवकर परततो तेही तीच बघते. "मॅडम, हिरड्या पांढऱ्या वाटतात," एवढं ऐकून मी पोटातला रक्तस्राव वेळेत पकडलाय.

उन्हाळ्यात उष्माघाताची कुत्री येतात. (आपण अधिवेशनाला डिसेंबरात येता; एकदा मे महिन्यात या.) पाणी, पंखा, दर काही मिनिटांनी ताप मोजणं, आणि १०३ फॅरनहाइटच्या आसपास थांबणं, नाहीतर अंग उलट गारच पडत जातं. हे कुणी अंदाजाने करू नये.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा करू देण्याचा अधिकार राज्याला आहे. पण ती सोय गुरांच्या दवाखान्यांचा विचार करून झालेली. ब्रिटनमध्ये पशु-परिचारिकांचं रीतसर प्रशिक्षण १९६१ पासून आहे. आमच्यातल्या काहींना वाटतं, असं शिक्षण दिलं की बोगस डॉक्टर वाढतील. मला हे पटत नाही. आज कोण काय शिकलंय याची नोंदच नाही, बोगसांचं फावतं ते त्यामुळे.

माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं. तिथल्या रुग्णालयात प्रात्यक्षिकांसह वर्षभराचा पशु-परिचर्या अभ्यासक्रम सुरू करा, उत्तीर्ण झालेल्यांची नोंदवही ठेवा आणि त्यांनी काय करावं, काय करू नये ते लिहून द्या. इंग्रजीची अट मात्र नको. चांगले हात असलेली निम्मी मुलं तिथेच गळतील.

अभ्यासक्रमाला वेळ लागेल हे समजतं. पण प्रत्येक पशुदवाखान्यातल्या मदतनिसाला रेबीजची प्रतिबंधक लस, तीही दवाखान्याच्या मालकाच्या खर्चाने, याचा आदेश आधी काढा.

आपली,
नागपुरातील एक पशुवैद्यक