आधी कृत्याचे नाव नीट लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

योग्य-अयोग्य कशावरून ठरवायचे, या वादात एक बाजू म्हणते, ‘हेतू शुद्ध असेल तर कृत्य शुद्ध’. दुसरी म्हणते, ‘परिणाम काय झाला तेवढेच पाहा’. दोघांनीही एक पायरी गाळली आहे. नेमके केले काय, हे आधी ठरवायला हवे. आमच्या अनुभवाप्रमाणे निम्मी भांडणे तिथेच संपतात आणि निम्मी लबाडीही तिथेच सापडते.

कागदावर एक वाक्य लिहावे. कोणी, कोणाचे, काय, कोणाच्या संमतीने केले. विशेषण लावू नये. ‘सहकार्य’, ‘रीत’, ‘समजून घेणे’ असले गुळगुळीत शब्द खोडून त्यांच्या जागी क्रियापद घालावे.

ऊसतोडीच्या हंगामातली ‘खुशाली’च घ्या. फडात कोयता लागण्याआधी ऊसतोड मजुरांची टोळी शेतकऱ्याकडे एकरामागे पैसे मागते, वाहनचालक खेपेमागे ‘एन्ट्री’ घेतो. शब्द असा, की जणू कोणी राजीखुशीने ओंजळ भरली. आता वाक्य लिहून पाहू : ‘ज्या तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलात धरलेलाच असतो, त्याच कामासाठी, उसाला तुरा येऊन वजन घटेल या त्याच्या भीतीचा उपयोग करून, त्याच्याकडून पुन्हा पैसे घेतले.’ यात खुशाली कुठे दिसत नाही.

यावर लगेच उत्तर येते, की टोळीने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटता फिटत नाही, लेकरे पालात झोपतात. हे खरेच आहे. पण ते दुसऱ्या खात्यात लिहायचे. कृत्य बरोबर की चूक, हे एक खाते; करणाऱ्याला किती दोष द्यायचा, हे दुसरे. गरज, दडपण, भीती यांनी दुसऱ्या खात्यातला आकडा कमी होतो, कधी शून्यावरही येतो. पहिल्या खात्यातली नोंद त्याने पुसली जात नाही. ही दोन खाती एक केली, की एक जण गरिबाला चोर ठरवतो आणि दुसरा चोरीला हक्क ठरवतो.

पैसे देणाऱ्याचेही तसेच. आपली पाळी आली असताना, तरीही ऊस उभा राहील म्हणून कोणी पैसे मोजले, तर तो नाडला गेला. पण लागणीच्या तारखेनुसार लावलेली क्रमपाळी डावलून आपला फड आधी तुटावा म्हणून मोजले, तर त्याने शेजाऱ्याची पाळी विकत घेतली. नोटा त्याच, टोळी तीच, कृत्य मात्र वेगळे. परिस्थितीने कृत्याचे वजन बदलते हे सगळे मान्य करतात; कधी कधी त्याची जातच बदलते, हे विसरतात.

‘सगळेच घेतात’ हा युक्तिवाद नव्हे, ती फक्त मोजदाद आहे. रूढी म्हणजे नीती नव्हे हे आगरकरांनी एकोणिसाव्या शतकातच ठणकावून सांगितले होते.

आता परिणामांकडे. परिणाम दोन तऱ्हेचे असतात : जो साधायचा होता तो, आणि जो दिसत होता पण नको होता तो. यासाठी एक साधी कसोटी आहे. वाईट परिणाम चमत्काराने टळला असता, तर करणाऱ्याचे काम फसले असते का? शेतकऱ्याचे पैसे वाचले असते, तर खुशालीचा बेत फसला असता. म्हणजे ते नुकसान हेच साधन होते. याउलट कोयना धरण पाहा. धरण भरलेले, वरून पावसाचा लोंढा चालू, म्हणून दरवाजे उचलले. ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी चढते. तिथे ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. एकही घर बुडाले नसते, तरी दरवाजे उचलण्याचे काम पुरते साधले असते. म्हणून ‘घरे बुडवली’ हे या कृत्याचे नाव होत नाही.

पण कसोटी इथे संपत नाही. टाळलेले नुकसान पत्करलेल्या नुकसानीहून मोठे हवे आणि कमी हानीची वाट उरलेली नसावी. शिवाय आणखी एक अट आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. भारतीय न्याय संहितेचे कलम १९ (१८६० च्या दंड संहितेतले जुने ८१) मोठी हानी टाळण्यासाठी केलेल्या कृत्याला सूट देते. त्याखालच्या उदाहरणात जहाजाचा कप्तान आहे. समोरच्या नावेत वीस-तीस माणसे; वळण घेतले तर दोघे बसलेली दुसरी नाव धडकेत येण्याचा धोका. तो वळला तरी गुन्हेगार नाही. मात्र उदाहरणातले शब्द नीट वाचावेत : तो ‘अचानक, आणि स्वतःच्या कोणत्याही चुकीशिवाय वा हयगयीशिवाय’ त्या पेचात सापडलेला हवा. म्हणून कोणत्याही धरणाबाबत दरवाजा उचलल्याच्या तासाचा हिशेब वेगळा आणि त्याआधीच्या तीन आठवड्यांत साठा किती ठेवला याचा वेगळा. नदीकाठाला वेळेत इशारा दिला की नाही, हे तर तिसरेच कृत्य. तिन्हींना एकच शिक्का मारून चालत नाही.

‘नियम तो नियम’ म्हणणाऱ्यांसाठी महाभारताच्या कर्णपर्वात कृष्णाने सांगितलेला कौशिक पुरेसा आहे. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने रानात लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना खरी सांगितली. माणसे मारली गेली, कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये याच प्रश्नावर उलट कौल दिला : मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये. आम्ही इथे कृष्णाच्या बाजूचे. ‘खरे बोलला’ हे कौशिकाच्या कृत्याचे अर्धेच नाव; ‘लपलेल्यांना मारेकऱ्यांच्या हाती दिले’ हे पुरे. खोटे बोलण्याची ही सवलत सैल धरली तर काय होते, तेही महाभारतातच आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता, तरी युधिष्ठिराने द्रोणांना फसवलेच.

‘मला माहीत नव्हते’ ही सबब तपासताना एवढेच विचारावे, की माहीत करून घेणे किती सोपे होते. हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग आहे का, हे पाहायला चिमूटभर पूड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब पुरतात. पाणी घातल्यावरही गुलाबी रंग टिकला तर भेसळ. लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मात्र या चाचणीत सापडत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. पिवळाजर्द माल बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळतो आहे, आणि म्हणूनच नमुना तपासणीला पाठवला नाही, तर ते अज्ञान निवडलेले आहे. काहीच न करणे हेही, जिथे कर्तव्य आहे तिथे, कृत्यच. ऊस नियंत्रण आदेशाने (१९६६) साखर कारखान्यावर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल देणे बांधलेले आहे, उशिराला १५ टक्के व्याज आहे. ‘आम्ही कुणाचे काही घेतले नाही’ हे तिथे उत्तर होत नाही.

राहिला नशिबाचा भाग. रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडून दोन चालक रात्री निघाले. एकाच्या मागे दुचाकी धडकून माणूस गेला, दुसरा कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत सुखरूप पोचला. पहिल्यावर हयगयीने मृत्यूचा, न्याय संहितेच्या कलम १०६ चा गुन्हा, दुसऱ्याला चहा. भरपाई आणि शिक्षा यांत फरक पडणे समजण्यासारखे आहे. पण दोघांनी केले ते एकच, आणि चूक निघतानाच झाली होती.

एक विनंती. आपल्या बातम्यांत ‘खुशाली’, ‘एन्ट्री’ हे शब्द येतील, तेव्हा शेजारी एकरी किती, खेपेमागे किती आणि कोणी घेतले, हेही छापावे.

आपले,
तत्त्वज्ञान व कायदा शिकवलेले काही निवृत्त अध्यापक,
विश्रामबाग, सांगली