ताई, राउटरला पासवर्ड दोन असतात हे आता पाठ झालं

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

आभार फोनवरही मानता आले असते. पण आमचं वायफाय नीट करताना तुम्ही जे समजावलंत ते इतरांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून हे उघड पत्र.

नेट स्लो झालं की राउटर बंद करून चालू करायचा, मदतीला येणारे बहुतेक जण एवढंच करून जातात. तुम्ही आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पाहिलात. केबलवर वेग चांगला होता, म्हणजे लाइन ठीक, दुखणं वायफायचं. मग फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आसपासचे सगळे राउटर एकमेकांवर चढलेले दाखवलेत. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि पट्ट्यातले छोटे भाग म्हणजे चॅनेल. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमचा राउटर ३ वर बसून दोन्हीकडचा गोंगाट ऐकत होता. त्याला ११ वर हलवलंत, टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झला जोडलेत, राउटर लोखंडी कपाटाआडून काढून वर ठेवायला लावलात. ५ गिगाहर्ट्‌झला वेग जास्त, पण भिंत आडवी आली की ते लवकर दमतं, म्हणून आतल्या खोलीतला फोन २.४ वरच राहू दिलात.

खरे आभार मात्र पुढच्या भागासाठी. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा वेगळा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरच्या सेटिंगचा पत्ता उघडून नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन' टाकलंत आणि सगळं समोर उघडलं! वायफायला जोडलेला कुठलाही पाहुणा तिथे जाऊन हवं ते बदलू शकला असता. तो पासवर्ड तुम्ही सर्वांत आधी बदलायला लावलात.

डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता पिनने जोडायची सोय, तिचं गणित तर मी आता भेटेल त्याला सांगतो. पिन आठ आकडी, म्हणजे वरवर पाहता दहा कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक ते वेगळं सांगून टाकतो. उरले तीन. दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्न! ही फट २०११ मध्ये उघड झाली, तरी ती सोय कित्येक राउटरवर चालूच असते. आमची तुम्ही बंद केलीत.

नेटवर्कचं नाव लपवायचा माझा आग्रह तुम्ही हसून बाजूला सारलात, कारण नाव लपवलं तरी फोन जोडताना ते हवेत जातंच. त्यापेक्षा पासवर्ड लांब ठेवा म्हणालात. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीत फोन जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी टिपली, तर तो घरी बसून निवांत लाखो पासवर्ड ताडून पाहू शकतो. राउटरला पत्ताही लागत नाही. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही वाट बंद केली, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी बोलावंच लागतं. पण आमच्याकडे अजून डब्ल्यूपीए-२ ही चालू आहे, म्हणून आमच्या पासवर्डमध्ये आता एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच शब्द आहेत. घरच्यांनी कुरकुर केली, पण टाइप एकदाच करायचा असतो.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढलंत, ते मला आधी जरा फाजील वाटलं. कॅमेरा आणि स्मार्ट बल्बही तिकडेच ढकललेत, तेव्हा कारण कळलं: अशा वस्तूंना अपडेट क्वचितच येतात, तेव्हा त्यांना लॅपटॉपच्या शेजारी बसवायचंच कशाला?

फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, आपोआप अपडेट होण्याची सोय आमच्या मॉडेलमध्ये सापडली, चालू केली आहे. जुना प्रिंटर मात्र निव्वळ डब्ल्यूपीए-३ ला जोडायला तयार नाही, म्हणून सध्या दोन्ही चालतील असं मिश्र सेटिंग ठेवलंय. तो बदलला की तुम्हाला न विचारता पुढचं मी स्वतः करणार आहे. अडलो तर फोन करीनच.

आपला,
एक शेजारी