मागच्या अंगणातल्या झाडाविषयी

एडिसन, न्यू जर्सी
नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आई, खोकला केव्हाच गेला. थंडीत झाडापाशी जातो ते कानटोपी घालूनच.

बाबा, तुम्ही विचारलंत, मागे पाणी साचतं तर तिथे झाड कशाला? साचतं म्हणूनच हे निवडलं. मलाही मोठ्या फुलांचा हिमचंपा हवा होता, पण सतत ओलीत त्याची मुळं कुजतात. हा स्वीटबे मॅग्नोलिया इकडच्याच दलदलीतला, आपल्या सोनचाफ्याचा भाऊबंद. जूनमध्ये फुलतो, वासाला लिंबाची झाक. उत्तरेकडे थंडीत बहुतेक स्वीटबे पानं गाळतात. 'हेन्री हिक्स' ही जात बरीचशी धरून ठेवते, म्हणून तीच आणली. मुळं मांसल, रुजायला वेळ घेतात, म्हणून वसंतातच लावलं. तुम्ही आळं करता. मी माती चढवून उंचवट्यावर लावलं.

फोटोतल्या गोणपाटाने आई घाबरली म्हणे. इथे ही रीतच आहे, हिवाळ्यात गल्लीभर झाडं गोणपाटात उभी असतात. ते उबेसाठी नसतं. या पट्ट्यात पारा उणे पंधराच्या आसपास जाऊ शकतो आणि जमीन गोठते. मुळांना पाणी ओढता येत नाही, पण हिरव्या पानांतून ऊन-वारा पाणी नेतच राहतो. म्हणजे पाणथळ जागेत उभं राहूनही झाड तहानेने करपतं! म्हणून वायव्येकडून वारा येतो त्या बाजूला खुंट ठोकून गोणपाट ताणायचं, पानांना चिकटू द्यायचं नाही, वरून उघडं ठेवायचं. प्लास्टिक चालत नाही, उन्हात आत तापतं. मार्चअखेर काढेन.

झाडावर खर्च झाला म्हणून घरी हात आखडलेला नाही. पंपाचे पैसे शुक्रवारी पाठवलेत, खात्यात आले की कळवा. कमी पडले तर सरळ सांगा, शेजाऱ्यांकडे मागू नका.

मनीच्या साखरपुड्याला मात्र रजा मिळत नाही. दिवाळीही चुकली, तेव्हा आई फोनवर काहीच बोलली नाही, ते अजून मनात आहे. मुलाकडच्यांना तुम्हीच समजावून सांगा, माझ्यामुळे तारीख पुढे ढकलू नका. लग्न मे महिन्यात धरा, तिकिटं काढतोय. हॉलचे पैसे मी देणार, त्यावर वाद नको. आणि कानपिळीला चुलतभावाला उभं करू नका, मी येतोय.

तुमचा,
संजू