गाढवाची बाजू

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, सगळ्यांनी मिळून माझं गाढव केलं," आणि फोन ठेवून दिलास. मला बोलता बोलता सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. दोन रात्री कपाटातली 'इडियट' काढून बसले होते. रशियन लेखक दस्तयेव्हस्कीच्या त्या कादंबरीत एक गाढव आहे, तुझ्या बोलण्यावरून तेच आठवलं.

कादंबरीचा नायक प्रिन्स मिश्किन सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आहे. फेफऱ्याच्या आजारावर स्वित्झर्लंडमध्ये उपचार घेऊन तो पीटर्सबर्गला परततो. नोव्हेंबरअखेरचे दिवस, तिसऱ्या वर्गाचा डबा आणि हातात एक गाठोडं, एवढीच त्याची इस्टेट. पहिल्याच दिवशी तो लांबच्या नात्यातल्या येपांचिनबाईंकडे जातो. बाई आणि त्यांच्या तीन मुली त्याला तिकडच्या गोष्टी विचारतात. तो सांगतो, आजाराने डोकं बधिर झालं होतं, सगळं परकं वाटत होतं. बाझलच्या बाजारात एक गाढव ओरडलं आणि त्या आवाजाने डोकं एकदम लख्ख झालं. मुली हसायला लागतात. तोही हसतो आणि म्हणतो, मी तरी गाढवाच्या बाजूचा. गाढव भला आणि उपयोगी माणूस आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि तुझा विचार करत बसले.

तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाचे वडील दवाखान्यात होते, म्हणून तीन आठवडे रात्र रात्र बसून त्याचं काम तू पुरं केलंस. मीटिंगमध्ये त्याने तुझं नावही काढलं नाही, बढती त्याला मिळाली आणि वर बाकीचे तुलाच हसले. तुला राग आला, येणारच. पण रागाच्या भरात तू आणखी एक वाक्य बोलून गेलास: "तो नाव घेणार नाही हे मला आधीच वाटलं होतं, पण त्याचे वडील आजारी होते." बाळा, हे भोळ्या माणसाचं बोलणं नाही.

भोळा माणूस फसतो, कारण त्याला समोरचं दिसत नाही. मिश्किनला दिसतं, आणि लोकांना नेमकं हेच कळत नाही. बुर्दोव्हस्की नावाचा तरुण टोळकं घेऊन त्याच्या पैशांवर हक्क सांगायला येतो, तेव्हा तो दावा खोटा आहे हे मिश्किनला कळलेलं असतं. तरी तो दहा हजार रूबल देऊ करतो, कारण त्या मुलालाच कुणीतरी फसवलंय हेही त्याला दिसतं. नास्तास्या फिलिपोव्हना या देखण्या बाईसाठी वेडा झालेला रोगोझिन तिच्याशी लग्न करील आणि आठवड्याभरात कदाचित तिला मारूनही टाकील, हे तो पहिल्याच दिवशी बोलून जातो. अशा माणसाला बावळट कसं म्हणायचं?

आणि तो गप्पही बसत नाही. ज्याच्या घरी मिश्किन खोली घेऊन राहतो तो गान्या रागाने बहिणीवर हात उगारतो, मिश्किन मध्ये पडून तो हात धरतो आणि थोबाडीत त्यालाच बसते. तो उलट हात उगारत नाही. कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि तुटक आवाजात म्हणतो, या गोष्टीची तुम्हाला किती शरम वाटेल! त्याच दिवशी गान्या त्याच्या खोलीत माफी मागायला येतो. म्हणून सांगते, त्या मुलाला एकदा समोर बसव आणि विचार, "माझं नाव का घेतलं नाहीस?" आवाज चढवू नकोस, पण विचारल्याशिवाय राहू नकोस. हे गिळून टाकलंस तर ते आत कुजेल.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते अन्नामुळे. अन्ना म्हणजे लेखकाची बायको, माझ्यासारखीच लघुलेखिका. मी सगळी नोकरी साहेबांची पत्रं शॉर्टहँडमध्ये घेण्यात घालवली, त्यामुळे ती मला फार जवळची वाटते. सावकारांच्या तगाद्यामुळे दोघं १८६७ मध्ये देश सोडून निघाले आणि जिनिव्हात राहिले. तो सांगायचा, ती उतरवून घ्यायची आणि मग स्वच्छ प्रत करायची. पूर्णपणे सुंदर असा माणूस रंगवायचा आहे आणि जगात याहून अवघड काही नाही, असं त्याने १८६८ च्या जानेवारीत भाचीला लिहिलं होतं. कादंबरी मासिकात क्रमशः छापून येऊ लागली होती. त्याच वर्षी त्यांची पहिली मुलगी सोन्या जन्मली आणि मे महिन्यात गेली. तीन महिन्यांची होती रे. मासिकाकडून पैसे आधीच उचललेले, त्यामुळे पुढची प्रकरणं थांबवता येत नव्हती. लेकराला पुरून आल्यावर अन्नाने पुन्हा हातात पेन्सिल कशी धरली असेल, या विचाराने माझा हात अजूनही थांबतो.

मिश्किनचं शेवटी भलं होत नाही, हे तुझ्यापासून लपवणार नाही. नास्तास्याची कीव आणि येपांचिनबाईंच्या धाकट्या मुलीवरचं, अग्लायावरचं प्रेम त्याला वेगळं करता आलं नाही. दोघींपैकी एकीलाही तो 'नाही' म्हणू शकला नाही, आणि दोघींची वाताहत झाली. मला हा त्याच्या चांगुलपणाचा दोष वाटत नाही. त्याला स्वतःची ताकद मोजता आली नाही. तू मात्र मोज. तीन आठवडे रात्री जागलास तेव्हा जेवणाची आबाळ केलीस, ते मला आवडलेलं नाही.

शेवटच्या रात्री, रोगोझिनने नास्तास्याचा खून केल्यावर, मिश्किन त्या खुन्याच्याच शेजारी बसून राहतो. रोगोझिन तापात बरळायला लागला की थरथरत्या हाताने त्याचे केस आणि गाल कुरवाळतो. सकाळी लोक दार उघडतात तेव्हा मिश्किनला कुणाचीच ओळख उरलेली नसते. हात तेवढा फिरत असतो.

पुस्तक मामाबरोबर पाठवते आहे. रशियन नावांनी गोंधळशील, म्हणून कोण कुणाचं ते पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय. गाढव पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणात आहे. सोबत लाडवांचा डबा आहे, त्यातले चार त्या मुलाच्या वडिलांसाठी वेगळे बांधलेत. त्यांना आता कसं आहे, ते तू सांगितलंच नाहीस.

तुझी,
आई