कटिंगचे पुठ्ठे

नागपूर
मे महिना, रविवार दुपार

प्रिय विन्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी पत्रं आली, वाचली, वहिनींच्या चिवड्याचा डबा रिकामा होऊन, धुऊन फडताळात गेला, तरी उत्तर नाही. रागावला असशील तर तो हक्क आहे तुझा. तब्येत ठीक, साखर आटोक्यात. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता पलंगावरूनच भिंतीवरचं घड्याळ वाचते. तब्येतीचं एवढंच.

लिहायला बसलो ते एका टेलरमुळे. फोन करणार होतो, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच तोडतोस, आणि हे तू शेवटपर्यंत ऐकायला हवं.

सुट्टीतला कोलाग्राफचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या प्लेटवरून छापचित्रं काढायचा, वर्ग यंदाही चालू आहे. सकाळी सात ते अकरा, कारण त्यानंतर नागपुरात काही छापणं म्हणजे छळ. पारा ४५ च्या आसपास. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख ब्रश फिरायच्या आत वाळते आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. फेव्हिकॉल वरून साय धरतो, आत ओलाच. भिजवून टिपलेला कागद प्लास्टिकमधून काढून प्रेसपर्यंत नेईस्तोवर कडेने कडक होतो. शाईत जवसाचं तेल जरा जास्त घालावं लागतं, आणि जास्त घातलं की ती पुसताना पळते. पोरं वैतागतात. मला मात्र हे आवडतं. उन्हाळ्यात शिकलेला पोरगा पुढे कुठल्याही हवेत छापतो.

पहिला आठवडा दरवर्षीसारखाच गेला. पिंपळाची जाळीदार पानं, लेस, सुतळी, कांद्याच्या पोत्याची जाळी, मक्याची सालं. एकाने तर चालू कूलरच्या खिडकीतलं गवत उपटून आणलं! प्रिंट झकास आला, पण दुपारी त्याच्या घरी गरम वारं सुटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई वर्गाच्या दारात. आम्ही सगळे हसलो, तीही हसली, पण गवताचे पैसे वसूल करून गेली.

या माध्यमाची खोड तुला ठाऊक आहे. काहीही चिकटवा, लाखेने बंद करा, शाई भरून पुसा, पहिला प्रिंट देखणा येतो. पान देखणं असतं म्हणून पानाचा प्रिंट देखणा. पोराने काय पाहिलं, काय ठरवलं, ते त्यात शोधून सापडत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी चिकटवायच्या वस्तूंवर बंदी घातली. पुठ्ठा, कटर, पॉलिश पेपर, शाई धरणारी खरखरीत कार्बोरंडम पावडर, बस. पुठ्ठ्याचा एक पापुद्रा सोलला की करडा, दोन सोलले की गडद, लाखेचा जाड हात दिला की शाई धरतच नाही आणि पांढरं उरतं. एवढ्यात सगळं मांडा म्हटलं.

आणि त्यांना क्युबाची छापचित्रकार बेल्किस आयोन दाखवली. वडोद्याला तो कॅटलॉग कोणी लायब्ररीत परत करायचा यावरून आपण भांडलो होतो, तीच. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबात साध्यासाध्या वस्तूंची टंचाई झाली, त्या दिवसांत या बाईने पुठ्ठे कापून, एकावर एक चढवून, कितीतरी प्लेट जोडून माणसाच्या उंचीएवढे प्रिंट काढले. काळा, पांढरा आणि मधले करडे. माणसांना डोळे आहेत, तोंड नाही. १९९९ साली ती गेली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. वर्गात शेवटचं चित्र दाखवून झालं तरी कुणी जागचं उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी महाल भागातला एक पोरगा पिशवी घेऊन आला. अबोल पोरगा, हात स्वच्छ. पिशवीत वडिलांचे कटिंगचे पुठ्ठे. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं शर्ट-पँटचं दुकान आहे. कॉलर, कफ, योक, बाही, सफारीचा खिसा. कुणी जुन्या कॅलेंडरच्या पाठीतून कापलेला, कुणी साडीच्या खोक्याच्या झाकणातून. प्रत्येकाला भोक, सुतळीत ओवून खिळ्याला टांगायला. बॉलपेनने गिऱ्हाइकाचं आडनाव आणि माप. कडा खडूने पांढऱ्या आणि इतक्या वर्षांच्या हाताळण्याने मऊ झालेल्या. म्हणाला, "सर, हे चिकटवायची वस्तू नाही. हा पुठ्ठाच आहे."

मी काय बोलणार? नियमात बसतच होतं.

तरी मी त्याला म्हटलं, आधी नवीन पुठ्ठ्यावर हे गिरवून घे आणि ते छाप. टेलर स्वतः तेच करतात, जुना पुठ्ठा झिजला की नव्यावर उतरवतात. त्याने एका खिशाची नक्कल कापली. वडिलांनी टाकून दिलेला तसलाच एक फाटका खिसा होता, तो शेजारी लावला. एकाच प्लेटवर दोन खिसे, एकच शाई, एकच दाब. विन्या, तो प्रूफ मी तुला दाखवायला हवा होता. नव्या खिशाच्या कडेला शाई साचून एक कडक काळी रेघ आली, बाहेर तिची जराशी सावली, संपलं. जुन्या खिशाच्या कडेला रेघच नाही. काळं हळूहळू विरत करड्यात गेलेलं, कात्रीचा एक चुकार दात, अंगठा ठेवायच्या जागी फिकट खड्डा. कापडावर पुठ्ठा दाबून धरायला तो अंगठा कितीदा तिथे टेकला असेल! पोरगा प्रूफकडे बघत म्हणाला, "बाबांचा डावा."

म्हणजे आठवणीचा जिव्हाळा बाजूला ठेवला तरी फरक उरतोच. अनोळखी माणसालाही तो दिसेल. गेल्या पावसाळ्यात तू मला ऐकवलं होतंस की या असल्या चित्रांत गोष्ट भिंतीवरच्या माहितीच्या पट्टीवर असते आणि कागदावर नुसता पोत. इथे कागदावर आहे. लिहून ठेव.

आता खरी अडचण. छापायचं तर हे पुठ्ठे मोठ्या पुठ्ठ्यावर पक्के डकवायचे, दोन्ही बाजूंनी लाख द्यायची, शाई भरायची. त्यातून परत काही निघत नाही. शिवाय ज्या मऊ कडेसाठी हा खटाटोप, तीच प्रेसखाली आधी बसते. दाब कमी ठेवला, ब्लँकेटखाली फोम घातला, तरी प्रत्येक प्रिंटला ती थोडी चपटी होणार. पहिले काही प्रिंट बोलके, मग आवाज उतरत जाणार. आणि नाही छापले तर? ते खिळ्याला लटकतील, एखाद्या पावसाळ्यात वाळवी लागेल, किंवा दुकान आवरताना रद्दीत जातील.

तिसरा मार्ग मी पोराला सुचवला. छापचित्रकार सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात शांतिनिकेतनात 'जखमा' ही चित्रमालिका केली, शाईचा थेंब नाही, कागदाच्या पांढऱ्या लगद्यावर पांढऱ्याच जखमा. तसं काही कर. पुठ्ठा न डकवता प्रेसवर ठेव, वर पातळ प्लास्टिक, त्यावर ओला जाड कागद, आणि नुसता उठाव घे. पुठ्ठा थोडा दबेल, पण वाचेल. त्याने करून पाहिलं. सुरेख आलं. तो म्हणाला, "सर, हे फार स्वच्छ आहे. दुकानात एकच ट्यूबलाइट आहे. मला काळं पाहिजे." आणि त्याचं बरोबर आहे रे. पांढऱ्यात तो अंगठा हरवतो.

मी म्हटलं, वडिलांना विचार. त्याने विचारलं असणार, कारण गुरुवारी वडील स्वतःच आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप तशीच राहिलेली. हातात उरलेल्या पुठ्ठ्यांचा आख्खा जुडगा. "सर, हे पण घ्या. आता कोण शिवतं? सगळं रेडिमेड." मग पोरं प्लेट पुसत होती ते बराच वेळ उभं राहून बघितलं. गांधीबागेतून मी खळ दिलेली जाळी आणतो ना, ती दोन बोटांत चोळून म्हणाले, याच्यापेक्षा ढिल्या विणीचं बकरम आणा, धागा सुटणार नाही. दुसऱ्या दिवशी पोराच्या हाती तुकडे पाठवलेसुद्धा. खरंच बरं पुसतं. खोलगट जागेतली शाई ओढत नाही, सपाटीवरची तेवढी उचलते. इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ते गेले आणि तेव्हापासून झोप नीट नाही. ते 'घ्या' म्हणाले, पण कोणाला? मुलाच्या सरांना. तो माणूस सरांना नाही म्हणेल का? आणि मला ते प्रिंट हवे आहेत, विन्या. प्रदर्शनात लावायला हवे आहेत, वर्गाचं नाव व्हायला हवे आहेत, आणि त्याहून जास्त म्हणजे ते चांगले होणार हे मला दिसतंय. इतकी हाव असलेल्या माणसाने त्यांच्या 'घ्या'वर किती विश्वास ठेवावा?

आता कळलं, तुलाच का लिहितोय? काकाही 'न्या' म्हणाले होते. त्यांच्या छापखान्यातले ते शिशाचे खिळे, अक्षरांचे टाइप, भंगारात वजनावर गेले त्या दिवशी मी म्हणालो होतो, काका स्वतः हो म्हणाले ना, मग तू का तोंड पाडून बसलास. तू म्हणालास, तू त्यांचा शब्द ऐकलास, मी त्यांचं तोंड बघत होतो. त्यावरून आपण कितीतरी दिवस बोललो नाही. शेवटी काकूंनी दोघांना एका ताटात वाढलं म्हणून बोललो. काकांनी ते खिळे मला छापू दिले असते तर बरं झालं असतं, हे माझं मत आजही तेच आहे. वितळण्यापेक्षा छापलेलं बरं. पण काकांच्या तोंडावर त्या दिवशी काय होतं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. आता विचारतोय. नंतर त्यांना काय वाटलं? खिळ्यांच्या रिकाम्या खणांकडे बघत कधी काही बोलले? एकही खिळा मागे ठेवला होता का?

मी सध्या एवढंच केलंय. पोराला म्हटलं, जुडगा परत दुकानात टांग. वडिलांना एकेक पुठ्ठा हातात घेऊ दे, आणि ज्याचं गिऱ्हाईक अजून येतं तो बाजूला काढू दे. काल त्याने सांगितलं, वडिलांनी एक कॉलर आणि एक बाही काढून ठेवली. त्या कॉलरवर आडनाव नाही, नुसतं माप आहे. कोणाचं ते पोराने विचारलं तर म्हणाले, माझंच. हे ऐकून मला फार बरं वाटलं. जो माणूस दोन ठेवतो, त्याने बाकीचे खरंच दिले असावेत. असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते लिही.

तुझं मी काहीच विचारलं नाही. चिनूची अ‍ॅडमिशन कुठे झाली? घराच्या गळतीचं काय झालं, सोसायटीवाले ऐकतात की अजून मिटिंगाच? वहिनींना सांग, डबा मोकळा पाठवणार नाही, संत्र्याची बर्फी घालून पाठवतो. आणि तू पुन्हा कोरायला बसलास हे तिसऱ्याकडून कळलं, ते मला आवडलं नाही. कोरतोयस ते आवडलं, तिसऱ्याकडून कळलं ते नाही. प्रूफ पाठव.

प्लेट येत्या शनिवारी डकवायची आहे. वडीलही येणार आहेत, दुकान सकाळपुरतं बंद ठेवून. पहिली कोणती लावायची ते त्यांनाच विचारणार आहे. टपाल वेळेत पोचणार नाही, तेव्हा हाताने लिही आणि फोटो काढून पाठव. अक्षर लागलं नाही तर आई लावेल, तिला आता सगळं दिसतं.

तुझा,
सुध्या